पाळीची कळ आणि सुंठ

पोर दुपारीच शाळेतून घरी आली. पोट धरून भिंतीशी आडवी झाली. आजीने विचारले, "काय गं, पाळी आली का?" पोरीने नुसती मान हलवली.

"बाईच्या जातीला हे सोसावंच लागतं. आम्ही नाही सोसलं?" आजी म्हणाली. पण बोलता बोलता तिने सुंठ ठेचली, गुळाच्या पाण्यात उकळायला टाकली.

आजीचे बोलणे सोडून द्या. सुंठ मात्र घ्या.

कळ का येते? गर्भपिशवीच्या आत दर महिन्याला अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही, की ते गळते. ते बाहेर टाकायला पिशवी आवळते, ओले लुगडे पिळावे तशी. 'आवळ' म्हणून सांगणारा पदार्थ त्या अस्तरातच तयार होतो. त्याचे नाव प्रोस्टाग्लँडिन. नाव अवघड आहे, दोनदा मोठ्याने वाचा. हा पदार्थ जास्त झाला, की पिशवी फार जोराने आवळते. तिथे रक्त पुरेसे पोचत नाही आणि कळ येते. यात विटाळ नाही, कुणाचा कोपही नाही.

सुंठीतला तिखटपणा हा पदार्थ कमी करतो, असे दिसते. पाळीच्या पहिल्या 3-4 दिवसांत रोज पाऊण ते 2 ग्रॅम सुंठपूड देऊन डॉक्टरांनी पाहिले. 2 ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पुष्कळ जणींची कळ कमी झाली.

गोळीचे मूळही झाडातच आहे. विलो नावाच्या झाडाची साल लोक दुखण्यावर पूर्वापार घेत. आपल्या नदीकाठचा वाळुंज त्याच कुळातला. सालीतल्या औषधावरून पुढे 1897 साली जर्मनीत शुद्ध ॲस्पिरिन तयार झाले. ते प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, हे इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवले. 1982 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पाळीसाठी आता बहुधा आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड देतात. कामाची रीत तीच.

गिळलेली गोळी आतड्यातून रक्तात जाते आणि साऱ्या अंगात फिरते. ती गर्भपिशवीला पोचते, तशी जठरालाही बाधते. म्हणून उपाशीपोटी घेऊ नका. कळ सुरू होताच घ्या; आधीच तयार झालेला पदार्थ गोळीने जात नाही. जठरात व्रण असेल, दमा असेल, मूत्रपिंडाचे दुखणे असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. शेकाचे तसे नाही. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर ठेवली, की ऊब तिथेच पोचते. पिशवी फडक्यात गुंडाळा, कातडी भाजते.

आजीने तेच केले. तासाभराने पोर उठून बसली.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. त्यांनी विचारले, "शाळा किती दिवस बुडते?"

"दर महिन्याला दोन. आणि दुखणं वाढतच चाललंय," पोर म्हणाली. आजीला हे ठाऊक नव्हते.

"मग नुसत्या सुंठीवर राहू नका," नर्सबाई म्हणाल्या. "दुखणं दर खेपेला वाढतंय, रक्त फार जातंय, पाळी नसतानाही दुखतंय, तर आत दुसरा आजार असू शकतो. उद्या दवाखान्यात या."

आजी म्हणाली, "मी घेऊन येते तिला."