गारठ्याची गाठ सह्याद्रीत पडते

सह्याद्रीच्या जंगलात जाणाऱ्याला धास्ती असते ती बिबट्याची, नाहीतर सापाची. ऑगस्ट 2023 मध्ये पुण्याहून हरिश्चंद्रगडावर गेलेल्या सहा जणांना या दोघांपैकी कोणीच गाठलं नाही. तोलारखिंडीच्या बाजूला धुक्यात त्यांची वाट चुकली, रात्र भर पावसात काढावी लागली आणि त्यातला एक जण गारठून दगावला. बाकीच्यांच्या तब्येतीही बिघडल्या. गडाची उंची 1,424 मीटर. तिथे बर्फ पडत नाही.

थंडीने जीव जायला हिमालयच लागतो, हा गैरसमज आहे. माणसाच्या शरीराचं आतलं तापमान साधारण 37 अंश असतं. ते 35च्या खाली उतरलं की हायपोथर्मिया सुरू झाला, असं वैद्यकशास्त्र मानतं. त्यासाठी हवा गोठवणारी असावी लागत नाही. पाणी अंगातली ऊब कोरड्या हवेच्या कैक पटींनी लवकर ओढून नेतं. त्यात घाटमाथ्यावरचा भणाणता वारा, पोटात सकाळचे पोहे आणि अंगात जीन्स. पावसाळी ट्रेकला जीन्स घालून येणारे अजूनही भेटतात, हे खरं तर आश्चर्यच म्हणायचं.

ठाण्याच्या एका मुरलेल्या ट्रेकरने हा प्रकार भीमाशंकरच्या जंगलात जवळून पाहिला. जुलैतला पाऊस, वरून खांडसकडे उतरायचं होतं, सोबत ऑफिसातली मंडळी. त्यातला एक धडधाकट तरुण आधी कुडकुडत होता, मग गप्प झाला. सॅकमधला बिस्किटांचा पुडा त्याने काढला, पण तो त्याला फोडता येईना. बोटं कागदावरून नुसती घसरत होती. शेवटी पुडा तसाच हातात धरून तो चालू लागला. थोड्या वेळाने काहीतरी अडखळत, तोंडातल्या तोंडात बोलला. सगळे हसले, त्यांना वाटलं थट्टा करतोय. पुढे तो ओल्या दगडावर बसला आणि म्हणाला, ‘तुम्ही व्हा पुढे, मी येतो.’

मग मात्र म्होरक्याने सगळ्यांना थांबवलं. झाडांच्या आडोशाला त्याचा ओला शर्ट उतरवला, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणलेला कोरडा स्वेटर आणि कानटोपी चढवली, खाली रिकाम्या सॅक अंथरल्या आणि दोघे जण त्याला दोन्ही बाजूंनी बिलगून बसले. शुद्ध होती, गिळता येत होतं, म्हणून गूळ भरवला. तो पुन्हा कुडकुडायला लागला तेव्हा म्होरक्याच्या जिवात जीव आला. पदरवाडीत एका घरी चुलीशी बसून कोरा चहा प्याल्यावर तो तरुण नीट बोलायला लागला.

यात उलटं वाटेल असं एक सांगण्यासारखं आहे. थरथर म्हणजे शरीराची झुंज. ओलाचिंब माणूस थरथरायचा थांबला, पण ना कपडे बदलले, ना आडोसा मिळाला, तर तो सावरला असं समजू नये. तो हरायला लागलेला असतो. अशा वेळी हातपाय जोरजोरात चोळू नयेत आणि ‘ऊब येईल’ म्हणून दारू तर मुळीच पाजू नये. दारूने कातडीकडचं रक्त वाढतं, क्षणभर गरम वाटतं आणि आतली उष्णता आणखी झपाट्याने बाहेर जाते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नये.

पण गारठ्याची वेळ येते ती बहुतेक वेळा वाट चुकल्यावर. पावसाळ्यात कारवी डोक्याच्या वर वाढते, ढोरवाटा आणि माणसांच्या वाटा सारख्याच मळलेल्या दिसतात आणि धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. हरिश्चंद्रगडावर खिरेश्वरकडून गेलं की खिंडीनंतरचा कातळटप्पा चढल्यावर एकामागून एक टेकड्या लागतात. धुक्यात त्या एकमेकींपासून ओळखू येत नाहीत. चकवा लागायला आणखी काय हवं?

अशा वेळी ‘ओढ्याच्या कडेने खाली उतरा, गाव लागतंच’ हा सल्ला हमखास आठवतो. दुसऱ्या मुलखात तो खरा असेल. घाटमाथ्यावर, विशेषतः कोकणाच्या बाजूला, ओढा थेट कड्यावरून उडी घेतो आणि त्याच्या मागे जाणाऱ्याची वाट त्या कड्यावर संपते. शेवटची खात्रीची खूण जिथे दिसली होती तिथवर परत जावं. तेही जमत नसेल तर आडोसा धरून थांबावं, कोरडं अंगात घालावं, शिट्टी वाजवावी आणि 112 लावून पाहावा. टोळीची फाटाफूट तर कोणत्याही कारणाने होऊ देऊ नये. जुलैत सूर्य सात वाजून गेल्यावर मावळत असला तरी दाट झाडीत, धुक्यात त्याच्या कितीतरी आधी अंधारून येतं. दुपारनंतर चढाई सुरू करणं म्हणजे संकटाला आवतण.

सॅकमध्ये घालायच्या वस्तू फार महागड्या नाहीत: पिशवीत बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड, कानटोपी, विजेरी, शिट्टी, गूळ-शेंगदाणे आणि घडी करून खिशात मावणारं चंदेरी थर्मल ब्लँकेट. पैसे भरून ग्रुपबरोबर जाणाऱ्यांनी आयोजकाची नोंदणी विचारावी. राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं आणि त्यात आयोजकांनी नोंदणी करणं अपेक्षित आहे. विचारल्यावर आयोजकाने कपाळाला आठ्या घातल्या तर तो ट्रेक सोडून द्यावा. गावातला वाटाड्या घेण्यात कमीपणा नाही. धुक्यात पायाखालची वाट त्याच्याइतकी मोबाइललाही कळत नाही.

आणि पायथ्याच्या ज्या घरी चहा प्याल, तिथे कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत उतरणार, हे सांगून निघा. उतरल्यावर परस्पर गाडी काढून जाऊ नका, त्या घरी ‘आलो’ म्हणून कळवा. नाहीतर तुम्ही महामार्गावर मिसळपाव खात असता आणि गावातली माणसं भर पावसात विजेऱ्या घेऊन तुम्हाला शोधत असतात.