पहिला घास

कॉड माशाचे तेल शक्तिवर्धक म्हणून प्रसिद्ध आहे. ते त्या माशाच्या यकृतापासून काढतात. हा मासा आपल्या समुद्रात मिळत नाही. तो उत्तर अटलांटिक महासागराच्या थंड पाण्यात राहतो. पूर्ण वाढलेला कॉड हातभर लांब, किंवा त्याहूनही मोठा असतो. परंतु या बलदंड माशाच्या आयुष्याचा आरंभ मोहरीच्या दाण्याएवढ्या अंड्यातून होतो, आणि त्या आयुष्यातील सर्वांत कठीण दिवस त्याच्या अगदी बालपणी येतात.

नॉर्वे देशाच्या उत्तर भागात लोफोटेन नावाचा बेटांचा समूह आहे. दर वर्षी हिवाळ्यात उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रातून कॉड माशांचे थवेच्या थवे अंडी घालण्यासाठी या बेटांजवळ येतात. हजारो कोळी शेकडो वर्षे या मासेमारीवर पोट भरीत आले. पण एखाद्या वर्षी होड्या माशांनी भरून जात, तर एखाद्या वर्षी त्या जवळजवळ रिकाम्या परतत. अशा वर्षी कोळ्यांच्या घरी हलाखीचे दिवस येत. असे का व्हावे, हे मात्र कोणालाच उमगत नव्हते.

या गोष्टीचा शोध घेण्यासाठी नॉर्वेच्या सरकारने १८६४ साली गेओर्ग ओसियान सार्स या तरुण शास्त्रज्ञाला लोफोटेनला पाठविले. मासे आपली अंडी समुद्राच्या तळाशी घालतात, अशी त्या काळी समजूत होती. हेरिंगसारखे काही मासे तसे करतातही. सार्सने मात्र बारीक जाळ्याने समुद्राच्या पृष्ठभागावरचे पाणी गाळून पाहिले. त्यात त्याला काचेच्या मण्यांसारखी असंख्य पारदर्शक अंडी आढळली. ती कॉडचीच होती! कॉडची अंडी तळाशी बसत नाहीत. ती पाण्यावर तरंगतात, हे सार्सने दाखवून दिले.

हे अंडे सुमारे दीड मिलिमीटर व्यासाचे असते. एक मोठी मादी एका हंगामात अशी लक्षावधी अंडी घालते. त्यांची राखण कोणी करीत नाही. वारा आणि प्रवाह नेईल तिकडे ती वाहत जातात. दोन-तीन आठवडे गेले म्हणजे अंड्याचे नाजूक कवच फुटते आणि सुमारे चार मिलिमीटर लांबीचे पिलू बाहेर पडते. या अवस्थेतील पिलाला ‘डिंभ’ असे म्हणतात.

डिंभाकडे पाहून हा मासा आहे, असे कोणास वाटणार नाही. त्याचे शरीर इतके पारदर्शक असते, की दोन काळे डोळेच काय ते चटकन दिसतात. अंगावर खवले नसतात. निरनिराळे पर फुटलेले नसतात. त्यांच्या जागी शरीराभोवती केवळ एक पातळ पडदा असतो. कल्लेही तयार झालेले नसल्यामुळे तो त्वचेवाटेच श्वसन करतो. फार काय, अन्न घेण्यासाठी त्याचे तोंडही अद्याप उघडलेले नसते!

मग तो जगतो कशावर? त्याच्या पोटाशी बलकाची एक लहानशी पिशवी असते. ही जणू आईने बरोबर बांधून दिलेली शिदोरीच होय. ती आठवडाभरात सरत येते. तेवढ्या अवधीत डिंभाचे तोंड उघडते, डोळे काम करू लागतात आणि तो भक्ष्यावर झडप घालण्यास शिकतो. त्याचे भक्ष्य म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांची पिले. ती जवळपास असली, तर डिंभाला पहिला घास मिळतो. नसली, तर थोड्याच दिवसांत तो इतका अशक्त होतो, की पुढे भक्ष्य समोर आले तरी त्याला ते पकडता येत नाही.

या पहिल्या घासाचे महत्त्व पटण्यास बराच काळ लागला. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर फ्लोदेविगेन येथे डॅनेविग नावाच्या कप्तानाने १८८२ साली कॉडची अंडी उबविण्याचे केंद्र स्थापन केले. तेथून दर वर्षी कोट्यवधी डिंभ समुद्रात सोडले जात. कोळ्यांची जाळी भरावीत, हा हेतू चांगला होता. परंतु ते डिंभ सोडले जात, तेव्हा त्यांची शिदोरी सरलेली नसे. खरी परीक्षा पुढेच असे. त्यामुळे किनाऱ्यावरील मासे वाढल्याचे सिद्ध होऊ शकले नाही, आणि १९७१ साली हे काम थांबविण्यात आले.

योहान योर्ट या नॉर्वेच्याच शास्त्रज्ञाने १९१४ साली एक महत्त्वाचा विचार मांडला. पुढे किती मासे मिळणार, हे किती अंडी घातली गेली यापेक्षा किती डिंभ जगले यावर अधिक अवलंबून असते, असे त्याने सांगितले. शिदोरी संपण्याच्या सुमारास अन्न मिळाले, तर त्या वर्षीची पिढी मोठी होते. न मिळाले, तर लहान. उपासमार हे डिंभांच्या नाशाचे एकच कारण नव्हे, हे आता कळले आहे. पाण्याचे तापमान, प्रवाहांची दिशा आणि डिंभांना खाणारे इतर जीव यांचाही त्यात वाटा असतो.

या सर्व संकटांतून वाचलेले डिंभ प्रवाहाबरोबर उत्तरेकडे शेकडो किलोमीटर वाहत जातात. वाटेत त्यांना पर फुटतात, कल्ले तयार होतात, खवले येतात. शरद ऋतूपर्यंत ते बोटभर लांबीचे होतात आणि बॅरेंट्स समुद्राच्या तळाकडे उतरून तेथे राहू लागतात. पुढे अनेक वर्षांनी, पूर्ण वाढ झाल्यावर, ते अंडी घालण्यासाठी पुन्हा लोफोटेनकडे निघतात.

कोळ्याच्या जाळ्यात आज जो मासा येतो, त्याचे भवितव्य अनेक वर्षांपूर्वी अशा एका लहानशा घासाने ठरलेले असते.

स्वाध्याय

१. सार्सने कोणती समजूत खोटी ठरविली? कशी?
२. बलकाच्या पिशवीला ‘शिदोरी’ का म्हटले आहे?
३. कोट्यवधी डिंभ समुद्रात सोडूनही मासे वाढल्याचे का दिसले नसावे?
४. तुमच्या गावाजवळ समुद्र किंवा खाडी असल्यास, कोणत्या माशात कोणत्या महिन्यात गाबोळी आढळते, हे कोळ्यांना विचारून लिहून ठेवा.