कर्क नको, साविक बघ

सोने, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि ओळखलं, अकादमीतल्या सँड मॉडेलवर, त्या वाळूच्या नकाशावरच्या सरावात, पुन्हा तुझी प्लाटून गारद झालेली दिसतेय. डावीकडून नेलीस तरी गेली, उजवीकडून नेलीस तरी गेली, आणि शिकवणारे डीएस आपले छडी टेकवून "पुढे काय?" एवढंच विचारत राहिले. शिक्षेच्या रगड्याला तू डगमगत नाहीस गं, पण हरणं तुला सोसत नाही. लहानपणी हरायला लागलीस की पत्ते उधळून द्यायचीस.

रविवारी बाहेर जायची लिबर्टी मिळाली की 'स्टार ट्रेक'चा १९८२ सालचा 'द रॅथ ऑफ खान' बघ. नाक मुरडू नकोस, बघ. सुरुवातीलाच साविक नावाची तरुण अधिकारी कप्तानाच्या खुर्चीत बसलेली आहे. 'कोबायाशी मारू' नावाचं जहाज जिथे जायची बंदी, अशा पट्ट्यात अडकलंय. ती मदतीला आत शिरते, शत्रू घेरतो, धुराचे लोट उठतात, एकेक माणूस कोसळतो. मग दिवे लागतात आणि मेलेले सगळे अंग झटकून उठतात. सराव होता तो, आणि जिंकायची सोयच नसलेला!

गोष्टीचा नायक, आता अ‍ॅडमिरल झालेला कर्क, त्याने म्हणे तरुणपणी तिसऱ्या खेपेला संगणकात फेरफार करून ही परीक्षा जिंकली होती, वर शाबासकीही मिळवली. तुमच्या बराकीत त्याचंच कौतुक होणार. मलाही तो तुझ्या वयात भारी वाटायचा. पण पुढे बघ. सराव संपून खऱ्या मोहिमेवर असताना कर्कच्या जहाजाजवळ त्यांच्याच ताफ्यातलं एक जहाज येतं, हाकेला उत्तर देत नाही. साविक अदबीने नियमाची आठवण करून द्यायला जाते. जहाजाचा कप्तान स्पॉक तिला मधेच तोडतो, अ‍ॅडमिरलना नियम ठाऊक आहेत म्हणून. ती गप्प बसते आणि थोड्याच वेळात हल्ला होतो. इंजिनघरातल्या एका भाजलेल्या शिकाऊ पोराला हातांवर उचलून मुख्य अभियंता स्कॉटी थेट वर घेऊन येतो. कर्कचा तो चेहरा बघ. त्याच्या जरा आधीच त्याने साविकला सांगितलेलं असतं, तू नियम सांगत जा.

मीही सैन्यातल्या पहिल्या पोस्टिंगवर अगदी कर्कसारखंच केलं होतं. सुभेदारसाहेब म्हणाले, मॅडम, दुपारनंतर वाटेतल्या त्या वळणावर दगड येतात. मी घड्याळ बघून म्हटलं, निघायचं. रात्रभर गाड्या दरडीअलीकडे उभ्या, जवान ताडपत्रीखाली कुडकुडत बसलेले. नशीब, कुणाला इजा झाली नाही. सकाळी सुभेदारसाहेबांनी स्टीलच्या मगातून चहा आणून दिला. रस्त्याबद्दल अवाक्षर नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी "पुढे काय?" आलं की लगेच नवा डाव काढू नकोस. जखमी किती, दारूगोळा किती उरला, कमांड आता कुणाकडे, कंपनीला वायरलेसवर काय कळवायचं, ते सांग. हरलेली प्लाटूनही कुणीतरी सांभाळायचीच असते, डीएस बहुतेक तेच बघत असणार. आणि तुझ्या बाजूला जी गप्प कॅडेट उभी असते ना, तिला एकदा विचार, तुला काय वाटतं.

आई चिवडा पाठवतेय. डब्यावर तुझं नाव मोठ्ठं लिहायला सांगितलंय, मागच्या वेळचा अर्धा वाटेतच संपला होता.