तबकडीत कीर्तन बसवताना

सज्जनहो, कीर्तन ही अखंड धार आहे आणि तबकडी म्हणजे मापाचे भांडे. या दोहोंचा मेळ कसा घालावा, याचा थोडा विचार करू या.

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा तबकडीवर जेमतेम दोन-तीन मिनिटे मावत. तासभर आळवायचा राग तेवढ्यात आवरावा लागे. १९४८ साली लाँगप्ले तबकडी निघाली. तिच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. १९८२ साली सीडी बाजारात आली, ती ७४ मिनिटांची; पुढे ८० मिनिटांच्या कोऱ्या सीडी मिळू लागल्या. पण आपले कीर्तन दोन तासांचे! मग करावे काय?

माझीच चूक सांगतो. आमच्या गावच्या एका वैकुंठवासी बुवांचे कीर्तन होते, २ तास १० मिनिटांचे. मी पहिली सीडी ८० मिनिटे काठोकाठ भरली, उरलेले दुसरीवर घातले. ऐकायला बसलेली एक म्हातारी माउली ऐन दृष्टांतात आवाज थांबताच म्हणाली, “अरं, पुढं काय झालं त्या पोराचं?” पुढचे दुसऱ्या सीडीवर होते, आणि ती सीडी दुसऱ्याच घरी गेली होती!

तेव्हा कळले की भांडे भरले म्हणून धार तोडू नये. संपूर्ण कीर्तन आधी घड्याळ लावून ऐकावे. एका चरणाचे निरूपण संपते, टाळकरी धृपद घेतात, मृदंग थांबतो आणि बुवा पुन्हा बोलू लागतात. तोडायची जागा ती. आमच्या कीर्तनात ती ६८व्या मिनिटास सापडली. ६८ आणि ६२, दोन्ही भाग सुखाने बसले.

दुसरी गोष्ट. एका सीडीत शोधायला सोपे जावे म्हणून खुणा कराव्यात. पण पुष्कळदा यंत्र प्रत्येक खुणेपाशी दोन सेकंदांची शांतता घालते. चालत्या भजनात असे झाले की ताल मोडतो. म्हणून मुद्रणाच्या वेळी मधले अंतर शून्य ठेवावे आणि सगळी सीडी एका दमात लिहावी.

तिसरी. साध्या सीडीवर एका सेकंदात आवाजाची ४४,१०० मापे नोंदली जातात, तीही डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची. टाळांचा गजर असो की शांतता असो, जागा तेवढीच लागते. म्हणून आवाज बारीक केल्याने वेळ वाढत नाही. वेळ वाढतो एमपीथ्री पद्धतीने. कानाला सहसा न जाणवणारा भाग ती गाळते, आणि १२८ किलोबिटच्या मापाने एका सीडीत सुमारे १२ तास बसतात. मात्र जुनी यंत्रे ती सीडी वाजवीत नाहीत, आणि एकदा गाळलेले परत येत नाही. यासाठी ऐकायला एमपीथ्री खुशाल करा. पण मूळ मुद्रण न गाळता डीव्हीडीवर ठेवा. तिच्यावर असे सुमारे सात तास मावतात.

शेवटी एवढेच, की घरी लिहिलेली तबकडी उन्हाने बिघडते. ती अंधारात, कोरड्या जागी ठेवावी आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी असू द्यावी. बुवा गेले, आता त्यांचा आवाज तेवढा आपल्या हाती आहे. तो अर्ध्या दृष्टांतात तुटू देऊ नये.

रामकृष्णहरी.