चिंचोक्याचा धडा
(संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी)

वाचन : उपदेशक ११:१-६

उद्देश : धीराने पेरणे व जपणे मुलांस हाताने शिकविणे.

कोठीहून मुसी नदीच्या बाजूस गेले म्हणजे अफझलगंज लागते. तेथे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुनी चिंच आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. हजारो माणसे वाहून गेली. पण ह्या चिंचेवर चढून बसलेले सुमारे १५० लोक वाचले. पुराच्या दिवशी कोणी झाड लावू शकत नाही. ते आधीच उभे असावे लागते.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातील प्रत्येक मुलाने एकेक चिंचोका डब्यात पेरला. डब्यांना खाली भोके नव्हती. पाणी साचून बहुतेक चिंचोके कुजले. एक लहान मुलगी तर रिकामा डबा मांडीवर घेऊन रडत बसली. चूक मुलांची नव्हती, आमची होती. म्हणून पुढे जे शिकलो ते येथे देत आहोत.

१. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये चिंच पिकते. निरोगी, भरपूर फळ देणाऱ्या झाडाचे टपोरे चिंचोके घ्यावेत. भाजलेले घेऊ नयेत.

२. कवच फार कठीण असते. एका बाजूस ते दगडावर किंचित घासावे व चिंचोके एक दिवस पाण्यात भिजत ठेवावेत.

३. माती, वाळू व शेणखत भरलेल्या, भोके पाडलेल्या पिशवीत दीड सेंटिमीटर खोल पेरावेत. साधारण एक-दोन आठवड्यांत कोंब दिसू लागतात. माती ओलसर असावी, चिखल नसावा.

४. सोटमूळ लवकर खोल जाते. म्हणून पावसाळा सुरू होताच, मुळास धक्का न लावता, रोप मोकळ्या जागी लावावे. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे व गुरांपासून जपावे.

मुलांना हेही सांगावे की, एकाच झाडाचे चिंचोके असले तरी सर्व रोपे सारखी निघत नाहीत. कोणाचे फळ गोडसर, कोणाचे आंबट. हमखास ठरावीक फळ हवे असेल तर कलम लावतात. मराठवाडा कृषी विद्यापीठाचा ‘प्रतिष्ठान’ वाण असाच कलमाने वाढवितात. पण बी पेरणाऱ्याने पुष्कळ पेरावे. अमेरिकेच्या थंड भागात पेकन नावाचे, अक्रोडाच्या जातीचे झाड लावणारे हेच करतात. कडाका सोसलेल्या झाडांचे बी आणून पेरतात आणि हिवाळ्यातून जी रोपे टिकतात तीच वाढवितात.

बीपासून वाढलेल्या चिंचेस फळ धरण्यास सात-आठ वर्षे, कधी अधिकही लागतात. तोपर्यंत आपल्या वर्गातील मुले मोठी होऊन निघून गेलेली असतील. शिक्षकांचे काम असेच आहे. कोणते बी रुजेल हे आपल्याला सांगता येत नाही. म्हणूनच हात आखडू नये.

त्या मुलीला आम्ही यंदा पाच चिंचोके दिले. तीन उगवले आहेत.

वर्गात विचारावे :
१. पुरात त्या चिंचेला कशाने धरून ठेवले असेल?
२. ज्याचे फळ आपण खाणार नाही, असे कोणते काम आपण आज करू शकतो?