कमळाइसांचे अलंकार आणि व्यापाऱ्याचे देणे

लीळाचरित्राच्या एकांकातील भरवसचे प्रकरण वाचताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा पुढील ऋद्धिपूरच्या भेटीकडे धाव घेते, आणि त्या भेटीचे निमित्त ठरलेला ऋणाचा प्रसंग घाईने मागे टाकला जातो. वास्तविक तो प्रसंग थांबून पाहण्याजोगा आहे. विशालदेव प्रधानांचे पुत्र हरिपाळदेव या नावाने वावरत असता सर्वज्ञांनी द्यूतक्रीडा आरंभिली. एकदा हार झाली, देणे अंगावर आले. ते फेडण्याकरिता त्यांनी कमळाइसांकडे अलंकार मागितले. कमळाइसांनी ते दिले नाहीत. देणे अखेर विशालदेवांनी चुकते केले. या निमित्ताने संसाराविषयी औदासीन्य प्रकट झाले आणि रामटेकच्या यात्रेचे निघणे घडले.

अवतारास कर्मबंध नसतो हे पंथीयांस सांगावयास नकोच. ही हार ही लोकरीतीने स्वीकारलेली, आणि म्हणूनच तिच्यातून लोकांचे व्यवहार कसे उघडे पडतात हे पाहणे उचित होय.

पुष्कळ निरूपणांत कमळाइसांवर स्वार्थाचा ठपका ठेवण्याची सवय पडून गेली आहे. ती न्याय्य नाही. स्मृतिग्रंथ हे पंथाचे प्रमाण नव्हेत. तथापि त्या काळचा व्यवहार कळावा एवढ्यापुरते ते पाहिले, तर याज्ञवल्क्याने पतीस स्त्रीधन घेण्याची मुभा चारच प्रसंगी दिली आहे: दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी, आणि धनकोने अडकवून ठेवले असता. द्यूत त्यांत नाही. पतीने केलेले ऋण पत्नीने फेडावे असाही नियम नाही, पुत्राचे ऋण पित्याने फेडावे असाही नाही. ते कुटुंबाकरिता काढलेले असेल तरच गोष्ट वेगळी. म्हणजे त्या घरात कोणावरच बंधन नव्हते. विशालदेवांनी दिले ते पुत्रप्रेमाने दिले. कमळाइसांनी राखले ते आपले होते म्हणून राखले. संसारातील नाते किती अंतरापर्यंत सोबत येते, एवढेच त्या नकारात उघड झाले. नाते उघडे पडणे निराळे आणि माणूस दोषी ठरणे निराळे.

व्यापाऱ्याच्या देण्याची गोष्ट मात्र द्यूतासारखी नव्हे, आणि पंथाच्या उपदेशी मंडळींत दुकानदार, अडते यांची संख्या पाहता हा भेद नीट समजून घ्यावयास हवा. व्यापारी उधारीने माल आणतो आणि उधारीनेच विकतो. हुंडीची मुदत ठरलेली असते, गिऱ्हाईकाची नसते. एका पावसाने दगा दिला की गावची उधारी अडकते, आणि पेढीवरचा तगादा मात्र मुदतीच्या दिवशीच दारात उभा राहतो. तेव्हा एक देणे भागवण्यास दुसरे काढले जाते, आणि व्याज मुद्दलाच्या वर चढू लागते. मुद्दलाइतकेच व्याज एका वेळी घ्यावे हा दामदुप्पटीचा जुना निर्बंध त्याच भयाने आलेला आहे. हे ऋण घराच्या पोटासाठी काढलेले असते. ते घराचेच आहे असे शास्त्र म्हणते. आणि तरीही घरास त्याचा पत्ता सर्वांत शेवटी लागतो.

घर फुटते ते येथे. रकमेचा आकडा मोठा म्हणून नव्हे. आकडा पत्नीस सावकाराच्या तोंडून कळतो म्हणून. धाकटा भाऊ वाटणी मागतो, कारण बहीखाते त्यास कधी दाखवलेलेच नसते. पत्नी मुलांना घेऊन माहेरी जाते. आणि कर्ता पुरुष एके रात्री गाव सोडतो. जुन्या बाजारपेठांत दिवाळे निघालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी, असे सांगतात. त्यात लाज होती, परंतु लपवाछपवी नव्हती. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यानेही ऋणकोस न्यायालयापुढे स्वतःहून उभे राहण्याचा मार्ग दिला. पळणाऱ्यास दोन्हींचा उपयोग नाही.

पळणाऱ्यांपैकी काही जण आश्रमाच्या दाराशी येतात, आणि आचार प्रकरणाचा आधार सांगतात. स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि विशेषेकरून संबंधियांचा संबंध टाकावा ही सर्वज्ञांची आज्ञा प्रसिद्धच आहे. प्रश्न असा की, तेथे टाकावयाचा आहे तो संबंध, की देणे? संबंध हा जीवाचा गुंता होय. तो टाकल्याने कोणाचे काही बुडत नाही. देणे टाकले तर ते नाहीसे होत नाही, दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. विष्णुस्मृतीत हे स्पष्टच आहे: ऋणको मृत झाला, प्रव्रजित झाला, किंवा वीस वर्षे परदेशी राहिला, तर पुत्रपौत्रांनी ऋण द्यावे. प्रव्रज्येची गणना तेथे मरणाच्या शेजारी केली आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने, त्या दिवसानंतरच्या ऋणाबाबत पुत्रावरील केवळ धर्मजन्य दायित्व संपवले हे खरे. परंतु संसार सोडलेल्याची इस्टेट तो वारल्याप्रमाणे वारसांकडे जाते, आणि धनको त्या इस्टेटीच्या मागे येतोच. म्हणजे राहते घर आणि दुकान यांच्या उंबऱ्यावर तगादा सोसावयाचा तो मागे राहिलेल्या बाईने.

बौद्ध विनयात उपसंपदेपूर्वी ‘तू ऋणमुक्त आहेस ना?’ असे विचारले जाते. मार्ग परका असला तरी विचारणा योग्यच आहे.

देहूच्या तुकोबांचे उदाहरण या संदर्भात अनेकदा उलटे दिले जाते. १६२९–३० च्या दुष्काळात त्यांचा व्यापार बसला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी इंद्रायणीत खते बुडवली, ती लोकांकडून येणे असलेली. आणि परंपरा सांगते की त्यांतही धाकट्या भावाचा अर्धा वाटा आधी वेगळा काढून दिला. येणे सोडणाऱ्याचा दाखला देणे बुडवणाऱ्याने देणे हा उघड विपर्यास आहे.

भरवसच्या लीळेतील क्रमही हेच दाखवतो. आधी देणे चुकते झाले, मग यात्रा निघाली. तीही चोरून नव्हे. विशालदेवांची अनुज्ञा मिळाली, सोबत परिवार दिला गेला, आणि त्या परिवारास वाटेतून परत पाठवल्यावरच एकाकी गमन घडले. मागे कोणी धनको विशालदेवांच्या दारी उभा राहिला नाही, कमळाइसांचे अलंकार त्यांच्यापाशीच राहिले.

ज्या व्यापाऱ्याच्या पत्नीने नकार न देता डबा पुढे केला, त्याच्यासाठी कात्यायनाचा एक निर्णय सांगण्याजोगा आहे. पत्नीच्या संमतीने घेतलेले स्त्रीधन, पतीस संपन्नता येताच मुद्दलासह परत द्यावे. बळाने घेतले असेल तर व्याजासह. म्हणजे घरच्या सोन्यावर हुंडी भागवली तरी देणे फिटले असे होत नाही. धनको बदलतो इतकेच, आणि बहीत सावकाराच्या नावावर काट मारून त्याखाली पत्नीचे नाव लिहावे लागते.