मक्याच्या राज्याची एकच तालीम

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात असतो. आम्ही दोघं त्याच्याकडे तीन महिने राहून आलो. शनिवार उजाडला की अख्खं गाव लाल कपडे घालून बाहेर पडायचं. दुकानदार, दातांचे डॉक्टर, शेजारच्या आजी, सगळ्यांच्या तोंडी एकच विषय : विद्यापीठाचा फुटबॉल संघ. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. फुटबॉलचं वेड मला नवं नाही. पण आमच्याकडे माणूस पेठेसाठी, तालमीसाठी ओरडतो. ज्या कॉलेजात आपण कधी शिकलोही नाही, त्याच्या संघासाठी एवढा जीव का टाकायचा? आणि अठरा-वीस वर्षांच्या पोरांबद्दल वयस्क माणसांनी वर्षभर एवढं काय बोलायचं? आणखी एक. आम्ही पाहिलेला सामना घरचा संघ हरला. तरी लोक थांबले आणि पाहुणा संघ मैदानाबाहेर जाताना त्यांनी टाळ्या वाजवल्या. हे काय आहे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लिंकनमध्ये तुम्ही पाहिलात तो संघ नावाला विद्यापीठाचा. तसं बघितलं तर ती तालीमच आहे, फक्त तिची पेठ दोन लाख चौरस किलोमीटरची आहे.

नेब्रास्काचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण दोन तृतीयांश भरतं. माणसं मात्र 2020 च्या जनगणनेत 19 लाख 61 हजार. तुमच्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात 2011 सालीच 38 लाखांवर लोक होते. ओमाहा आणि लिंकन ही दोन शहरं मागे टाकली की मक्याची शेतं, गुरांची कुरणं आणि मधूनमधून चारशे-पाचशे वस्तीची गावं. पश्चिम टोकाच्या स्कॉट्सब्लफहून लिंकनला यायला मोटारीने सहाएक तास लागतात आणि वाटेत घड्याळ तासभर पुढे करावं लागतं. फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल यांपैकी कुठल्याही खेळाच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधला एकही संघ या राज्यात नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ अशा कितीतरी नावांत माणसं वाटली जातात. नेब्रास्कात वाटून घ्यायला दुसरं नावच नाही.

'आपण तिथे शिकलो नाही' हा मुद्दा तिथल्या माणसाच्या मनात येतच नाही, त्याचं कारण विद्यापीठाच्या जन्मात आहे. 1862 च्या कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यातून शेती व तंत्रशिक्षणाची विद्यापीठं उभी राहिली. नेब्रास्काचं 1869 चं विद्यापीठ त्यांपैकीच एक. मक्यावर कोणती कीड पडली, गुरांना काय झालं, याचा सल्ला शेतकऱ्याला पिढ्यानपिढ्या याच विद्यापीठाची माणसं देत आली. वर्गात न बसलेल्या माणसालाही ते आपलं वाटतं, ते असं. संघाचं नावही शेतातलंच : कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. 1900 च्या सुमारास लिंकनचे क्रीडापत्रकार साय शर्मन यांनी ते रूढ केलं. त्याआधी या संघाला 'बगईटर्स', म्हणजे किडेखाऊ, म्हणत. आता सगळे नुसतं 'हस्कर्स' म्हणतात.

शिवाय अमेरिकेत हा खेळ (आपल्याकडच्या फुटबॉलहून वेगळा, अमेरिकन फुटबॉल) आधी कॉलेजांचा होता, धंदा मागून आला. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना 1869 चा, रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातला. आजची श्रीमंत व्यावसायिक लीग सुरू झाली 1920 साली. नेब्रास्काचा संघ तर 1890 पासून खेळतो आहे. लीग जन्माला आली तेव्हा इथल्या घरांत आजोबा नातवाला जुने सामने सांगत होते.

तुम्ही ज्या मैदानावर गेलात ते मेमोरियल स्टेडियम युद्धांत गेलेल्या राज्यातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ 1923 साली बांधलं. भिंतींवरचे लेख लिहिले विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हार्टली बर अलेक्झांडर यांनी. फुटबॉलच्या मैदानासाठी तत्त्वज्ञाला लेखणी हातात घ्यायला लावणारं राज्य मला फार आवडतं. सामन्याच्या दिवशी तिथे 85 हजारांच्या घरात माणसं जमतात. ओमाहा आणि लिंकन वगळता राज्यातल्या कुठल्याच शहरात एवढी वस्ती नाही. म्हणून लोक म्हणतात, शनिवारी स्टेडियम हे नेब्रास्काचं तिसरं मोठं शहर असतं.

3 नोव्हेंबर 1962 पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेली आहेत. सलग 400 सामन्यांचा टप्पाही मागे पडला. (2020 साली करोनामुळे प्रेक्षकांना बंदी होती, ते सामने यात धरत नाहीत.) आणि हा काही सतत जिंकणारा संघ नव्हे. 2017 ते 2023 असे सलग सात हंगाम त्यांनी जिंकले त्याहून जास्त सामने गमावले. 2021 साली बारांपैकी नऊ हरले, आणि नऊही वेळा दहाहून कमी गुणांनी. दर शनिवारी जिंकत आलेला सामना हातून निसटताना पाहायचा आणि पुढच्या शनिवारी परत लाल सदरा चढवायचा. त्या पडत्या काळात काही तिकिटं उरायला लागली तेव्हा देणगीदारांनी ती विकत घेऊन परवडत नसलेल्या मुलांना दिली. विक्रम त्यामुळे टिकला हे खरं, पण त्या मुलांना मैदान बघायला मिळालं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आता बोलण्याकडे येतो. ही माणसं नुसता निकाल बोलत नाहीत. त्यांची निम्मी चर्चा जुन्या निर्णयांची असते आणि उरलेली निम्मी येणाऱ्या मुलांची.

जुन्या निर्णयांतला सर्वांत मोठा 2 जानेवारी 1984 च्या रात्रीचा. मायामीत ऑरेंज बोल हा हंगामाच्या शेवटचा मानाचा सामना, मायामी विद्यापीठाच्या संघाशी. त्या हंगामात अपराजित आणि पहिल्या क्रमांकावर असलेला नेब्रास्का एकदा 17–0 आणि पुढे 31–17 असा मागे होता. तिथून झुंजत शेवटच्या मिनिटात गुणसंख्या 31–30. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू शेवटच्या रेषेपार नेल्याचे सहा गुण मिळाले की पुढे निवड असते : किक मारून जवळपास हमखास एक गुण घ्यायचा, किंवा चेंडू पुन्हा रेषेपार नेऊन दोन मिळवायचे. तेव्हा कॉलेजच्या सामन्यांत जादा वेळ नव्हता, बरोबरी ती बरोबरीच. राष्ट्रीय विजेता पत्रकारांच्या आणि प्रशिक्षकांच्या मतांवर ठरत असे. किक मारली असती तर सामना 31–31 सुटला असता आणि विजेतेपद बहुधा नेब्रास्काला मिळालं असतं. प्रशिक्षक टॉम ऑसबर्न यांनी दोन गुणांचा प्रयत्न केला. मायामीच्या खेळाडूचा हात चेंडूला लागला, फेक वाया गेली, सामना गेला, विजेतेपदही गेलं.

ऑसबर्न नेब्रास्कातल्याच हेस्टिंग्ज गावचे. त्यांना पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायला आणखी अकरा वर्षं लागली. 1 जानेवारी 1995 ला, त्याच ऑरेंज बोलमध्ये, त्याच मायामी संघाला 24–17 असं हरवून. पंचवीस हंगामांत 255 विजय आणि तीन राष्ट्रीय विजेतेपदं घेऊन ते थांबले, मग लोकांनी त्यांना संसदेत पाठवलं. तरी चर्चा निघते ती त्या हरलेल्या रात्रीची. किक मारायला हवी होती की नव्हती? मला विचाराल तर ऑसबर्न बरोबर होते. वर्षभर सगळ्यांना हरवलेल्या संघाने शेवटच्या मिनिटाला बरोबरीवर समाधान मानायचं, हे त्या मुलांना त्यांनी काय तोंडाने सांगितलं असतं? पण लिंकनमध्ये याच्या उलट बोलणारी, अजूनही हळहळणारी माणसं भेटतील, आणि त्यांचंही म्हणणं ऐकण्यासारखं असतं.

येणाऱ्या मुलांची चर्चा समजायला 'वॉक-ऑन' हा शब्द माहीत हवा. परवापरवापर्यंत फुटबॉल संघाला 85 शिष्यवृत्त्या देता येत. वॉक-ऑन म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय, घरच्या खर्चाने शिकत संघात सराव करणारा मुलगा. नेब्रास्काने ही प्रथा इतरांपेक्षा कितीतरी जास्त जोपासली. संघात दीडशेच्या आसपास मुलं असत आणि त्यांतली बरीच राज्यातल्या लहान गावांतून आलेली. तीन-चार वर्षं नुसता सराव करून पुढे मैदानावर उतरलेले, नाव कमावलेले त्यात कितीतरी. तुम्हाला भेटलेल्या आजी ज्या पोराबद्दल बोलत होत्या, तो कदाचित त्यांच्या माहेरच्या गावचा असेल. तालमीतल्या पोराला पेठ जशी घरच्यासारखी ओळखते, तशी ही ओळख असते. म्हणून त्याच्या गुडघ्याच्या दुखापतीची चौकशी हॉटेलातल्या कॉफीच्या टेबलावर होते.

सॅम फोल्ट्झ हा असाच वॉक-ऑन म्हणून आलेला मुलगा. ग्रीली नावाच्या चारशे-पाचशे वस्तीच्या गावाजवळ, शेतावर वाढलेला. चेंडू पुढे सरकेना की तो लाथेने लांब, प्रतिस्पर्ध्यांच्या हद्दीत धाडायचा, हे त्याचं काम. 2015 साली तो, नेब्रास्का ज्यात खेळतो त्या बिग टेन लीगमधला, त्या कामातला सर्वोत्तम ठरला. जुलै 2016 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये मोटार अपघातात तो गेला. सप्टेंबरच्या 3 तारखेला हंगामाचा पहिला सामना होता, फ्रेस्नो स्टेटशी. लांब किक मारायची पहिली वेळ आली तेव्हा नेब्रास्काचे अकराऐवजी दहाच खेळाडू रांगेत उभे राहिले. सॅमची जागा रिकामी. घड्याळ चालत राहिलं, मैदान उभं राहिलं. वेळ घालवल्याचा दंड पंचांनी लावला आणि फ्रेस्नो स्टेटने तो घ्यायला नकार दिला. मी हे किती वेळा कुणाकुणाला सांगितलं असेल, पण त्या नकाराशी आलो की दर वेळी थांबावं लागतं.

आता यात पैसा आला आहे, आणि त्याबद्दल माझं मत दोन्हीकडे ओढतं. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर कमाई करायची मुभा मिळाली. न्यायालयातल्या तडजोडीनंतर 1 जुलै 2025 पासून विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात; पहिल्या वर्षी त्याची मर्यादा एकूण सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती. ज्यांच्या घामावर स्टेडियम भरतात त्यांना वाटा मिळाला, हा न्यायच झाला, आणि तो फार उशिरा झाला. पण त्याच तडजोडीत फुटबॉल संघावर 105 जणांची मर्यादा आली. आधीपासून संघात असलेल्यांसाठी न्यायाधीशांच्या आग्रहामुळे सवलत निघाली खरी, पुढच्या मुलांचं काय? दीडशेचे एकशे पाच होतात तेव्हा आधी गळतो तो घरच्या खर्चाने आलेला, लहान गावातला मुलगा. भरीला खेळाडूंना दर वर्षी विद्यापीठ बदलणंही सोपं झालं आहे. नेब्रास्कातल्या वयस्क चाहत्यांच्या बोलण्यात हल्ली जी काळजी ऐकू येते ती निकालाची कमी आणि या मुलाची जास्त. मला ती काळजी अगदी रास्त वाटते.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, पण पुढच्या खेपेला चुकवू नका : तिथलं मुलींचं व्हॉलीबॉल. पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला हा संघ राज्याचा तितकाच लाडका आहे. 30 ऑगस्ट 2023 ला त्यांचा सामना त्याच फुटबॉलच्या मैदानावर, उघड्यावर, ठेवला. 92,003 माणसं आली. महिलांच्या सामन्याला जगात कुठेही इतकी गर्दी झाल्याची अधिकृत नोंद तोवर नव्हती. आधीचा आकडा होता बार्सिलोनातल्या 2022 च्या, आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या सामन्याचा, 91,648. बापाच्या खांद्यावर बसून आलेल्या लहान मुली त्या दिवशी फुटबॉलसाठी आल्या नव्हत्या.

राहिल्या टाळ्या. त्यांचा नियम कुठे लिहिलेला नाही. तिथे हंगामाची तिकिटं घराण्यात वारशाने चालतात, त्याच खुर्च्या, तेच शेजारी, आणि आजोबा उठून उभे राहिले की नातू उठतो. 1980 च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडा स्टेटचा संघ लिंकनमध्ये 18–14 असा जिंकला. तेव्हा घरच्या मैदानावर फार क्वचित हरणारा संघ हरला होता. तरी पाहुणे बाहेर पडताना लोक तुम्ही पाहिलंत तसेच उभे राहून टाळ्या वाजवत होते. पाहुण्यांचे प्रशिक्षक बॉबी बाउडन यांनी परत गेल्यावर नेब्रास्काच्या लोकांना उद्देशून पत्र लिहिलं आणि त्यांचे आभार मानले.